जळती चाकं आणि फुलांची जुडी : इटलीच्या डोंगरातली सान जोव्हान्नीची रात्र

इटलीचा नकाशा उघडला की आपली नजर आधी त्या बुटाच्या टाचेकडे जाते. मग रोम, व्हेनिस, मिलान. आज आपल्याला त्याच नकाशाच्या अगदी वरच्या काठावर, उजव्या कोपऱ्यात जायचं आहे. व्हेनिसच्या ईशान्येला उदिने नावाचं शहर सापडेल. तिथून उत्तरेला सरकलं की मैदान संपतं आणि आल्प्स सुरू होतात. ऑस्ट्रियाची सीमा लागण्याआधी डोंगरदऱ्यांचा जो पट्टा येतो, त्याला कार्निया म्हणतात. कार्नियातल्या बूत नदीच्या खोऱ्यात, पालुत्झा या गावाला लागून, चेर्चिवेंतो हे आपलं आजचं गाव. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. वस्ती सातशेच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या शाळेचा पटही याहून मोठा असतो.

इथले लोक इटालियन बोलतात, पण घरात आणि गल्लीत फ्रिउलियन. ही इटालियनची बोली नाही, वेगळी भाषा आहे. १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटलीने ज्या अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिलं, त्यांत तिचं नाव आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या लेखात येणारे दोन महत्त्वाचे शब्द याच भाषेतले आहेत : 'चिदुलास' आणि 'माच'. पहिल्या शब्दात आग आहे, दुसऱ्यात फुलं. दोन्ही एकाच सणातले.

हा सण म्हणजे सान जोव्हान्नीची, फ्रिउलियनमध्ये सान झुआनची रात्र. बायबलमधला बाप्तिस्मा देणारा योहान, त्याचा जन्मदिवस २४ जून. त्याच्या आदल्या रात्री, किंवा हल्ली सोयीने त्याच्या आसपासच्या दिवशी, हा सण होतो.

आता पहिला प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जून असं आपण भूगोलात शिकतो. मग सण २४ ला कसा? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात आकाशही आहे आणि हिशेबही. रोमन लोकांच्या जुन्या कॅलेंडरात उन्हाळ्यातला अयनदिन २४ जूनला आणि हिवाळ्यातला २५ डिसेंबरला धरत. पुढे चर्चने येशूचा जन्म २५ डिसेंबरला मानला. ल्यूकच्या शुभवर्तमानात असं आहे की देवदूत मरियेकडे आला तेव्हा योहानाची आई एलिझाबेथ हिला सहावा महिना होता. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. मग त्याचा जन्मदिवस २५ जून यायला हवा, नाही का? पण रोमन लोक तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत, आणि दोन्ही टोकं धरून मोजत. २५ डिसेंबर हा एक जानेवारीच्या आधीचा आठवा दिवस. तसाच एक जुलैच्या आधीचा आठवा दिवस कोणता? बोटांवर मोजून बघा. डिसेंबरला ३१ दिवस आणि जूनला ३०, म्हणून उत्तर येतं २४. एका दिवसाचा फरक तेवढ्यामुळे पडला.

आणखी एक गंमत लक्षात घ्या. कॅथलिक पंचांगात संतांचा दिवस बहुधा त्यांच्या मृत्यूचा असतो. जन्मदिवस साजरा होतो तो फक्त तिघांचा : येशू, मरिया आणि हा योहान. त्यातही येशूचा जन्म दिवस वाढू लागण्याच्या वेळी, आणि योहानाचा दिवस घटू लागण्याच्या वेळी. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुमारासच आपल्या प्रवचनांत हा मुद्दा मांडला होता. योहान स्वतःच म्हणाला होता की येशू वाढत जावा आणि मी कमी होत जावं, त्याला सूर्याने असा दुजोरा दिला, असा त्याचा अर्थ.

मुंबईत बसून या घट-वाढीचं महत्त्व आपल्याला नीटसं कळत नाही. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला लहानात लहान सुमारे अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. चेर्चिवेंतो मात्र साडेशेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनमध्ये पावणेसोळा तास उजेड असतो आणि डिसेंबरात जेमतेम साडेआठ. शिवाय दरीतलं गाव, म्हणजे हिवाळ्यात सूर्य डोंगराआडून उशिरा येणार आणि लवकर जाणार. जिथे उजेड निम्म्यावर येतो, तिथे तो वळतो कधी याकडे लोकांचं लक्ष असणारच.

तर या रात्री काय होतं ते आता बघू.

गावावरच्या उतारावर, खालून सगळ्यांना दिसेल अशा जागी, तरुण मुलं मोठी आग पेटवतात. त्यांच्याजवळ लाकडाच्या चकत्या असतात. तळहाताएवढ्या, मधोमध भोक पाडलेल्या. याच त्या चिदुलास. फ्रिउलियनमध्ये 'चिदुले' म्हणजे कप्पी, दोर ओढायचं छोटं चाक. एकेक चकती लांब काठीच्या टोकाला अडकवायची, आगीत धरायची आणि लाल होऊ द्यायची. मग काठी जोरात फिरवून ती दरीच्या दिशेने भिरकावायची. अंधारात ती जळती चकती मोठी कमान काढत खाली जाते. खाली गावातले लोक माना वर करून उभे असतात.

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर इथे थांबून विचार करा. आपण मेणबत्तीला फुंकर मारली तर ती विझते, मग एवढ्या वाऱ्यातून जाणारी चकती विझत का नाही? कारण मेणबत्तीत जळतो तो मेणाचा वायू. फुंकरीने तो वातीपासून दूर ढकलला जातो. चिदुलाची ज्वाळा महत्त्वाची नसतेच. तोवर तिच्या कडेचा कोळसा झालेला असतो आणि तो कोळसा पृष्ठभागावर जळत असतो. वेगाने जाताना त्याला ताजा ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो उलट जास्तच फुलतो. लोहाराचा भाता हेच काम करतो. चकती मात्र चांगली वाळलेली हवी. ओल्या लाकडाची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, ते नुसतं धुमसतं. कडेला पातळ असेल तर ती लवकर लाल होते.

पण सणाची खरी मजा आगीत नाही, आवाजात आहे. प्रत्येक चकती सोडताना वरून कोणीतरी मोठ्याने ओरडून ती कोणाच्या नावाने सोडली हे सांगतो. पहिल्या चकत्या संताच्या आणि मानाच्या लोकांच्या. मग गावातल्या जोडप्यांच्या. अमक्याची आणि तमकीची ही चकती! यमक जुळवलेल्या ठरावीक ओळी असतात, त्यांत नावं घालायची. चकती लांब, सरळ आणि उजळ गेली तर जोडी जमणार. वाटेतच विझली, झुडपात अडकली, तर खालून हशा.

आज आपल्याला हा खेळ वाटेल. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या गावाची कल्पना करा. सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कोणाचं कोणावर मन आहे हे बोलून दाखवायची सोय नाही. वर्षातून एक रात्र अशी की ती गोष्ट डोंगरावरून ओरडून सांगितली जाते, आणि ओरडणारा अंधारात दिसत नाही. मुलीच्या आईला काही गोष्टी तिथे पहिल्यांदा कळत असणार. एखाद्या मुलीचं नाव घेतलंच गेलं नाही तर तेही सगळ्या गावाला ऐकू जात असणार. मला विचाराल तर या सणातली धग त्या चकत्यांपेक्षा या नावांमध्ये जास्त आहे.

चिदुलास टाकण्याची चाल फक्त चेर्चिवेंतोची नाही. कार्नियातल्या बऱ्याच गावांत ती आहे, पण दिवस वेगळे. कुठे नववर्षाच्या सुमारास, कुठे गावाच्या संताच्या दिवशी, कुठे जूनमध्ये. आल्प्सच्या पलीकडच्या जर्मन भाषक प्रदेशातही अशाच जळत्या चकत्या उडवतात, तिथे बहुधा वसंताच्या तोंडावर. त्या प्रथेचा एक जुना पुरावा मोठा विचित्र आहे. २१ मार्च १०९० रोजी जर्मनीतल्या लोर्श इथल्या प्रसिद्ध मठाला आग लागली, ती अशाच एका भरकटलेल्या चकतीने. मठाच्या इतिहासात त्याची नोंद झाली, आणि ज्यांनी चकती उडवली त्यांची मजा नऊशे वर्षांनंतर आपल्यापर्यंत तक्रारीच्या रूपात पोचली. लोकांच्या सणांचा लेखी इतिहास बरेचदा असाच सापडतो. नाचणारे काही लिहीत नाहीत, वैतागलेले लिहितात.

या चकत्या कोण टाकतं, हेही बघायला हवं. कार्नियात हे काम परंपरेने 'कोस्क्रित्ती'चं. म्हणजे त्या वर्षी सैन्यभरतीच्या वयात आलेली मुलं. इटलीत सक्तीची लष्करी सेवा २००५ पासून थांबवली गेली, पण एकाच वर्षी जन्मलेल्या तरुणांच्या गटाला अजूनही त्याच नावाने ओळखतात. गावाने त्यांना एक रात्र दिली होती, आणि मग ती मुलं बराकीत जात.

आणि इथे चेर्चिवेंतोची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाविरुद्धची आघाडी याच डोंगरांतून जात होती. १९१६ च्या जून महिन्यात अल्पिनी या डोंगरी पलटणीतल्या काही सैनिकांनी चेल्लोन नावाच्या शिखरावर दिवसाउजेडी हल्ला करायला नकार दिला. समोर मशीनगन, अंगावर आडोसा नाही. ते म्हणाले, रात्री किंवा धुक्यात जाऊ. याला बंड ठरवण्यात आलं. चेर्चिवेंतोच्या चर्चमध्येच लष्करी न्यायालय बसलं आणि १ जुलै १९१६ च्या पहाटे चौघांना गावातल्या दफनभूमीजवळ गोळ्या घातल्या. सिल्व्हिओ गाएतानो ओर्तिस, बाझिलिओ मातीझ, जोव्हान्नी बात्तिस्ता कोराद्दात्झी आणि आंजेलो मास्सारो. यातले ओर्तिस आणि मातीझ शेजारच्या पालुत्झाच्या परिसरातले, म्हणजे हे डोंगर पायाखालचे असलेले. एकाचं तर नावच जोव्हान्नी बात्तिस्ता, ज्या संताचा दिवस नुकताच होऊन गेला होता त्याचं. सान जोव्हान्नी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. १९९६ मध्ये गावात त्यांचं स्मारक झालं, आणि २०२१ मध्ये त्या प्रांताच्या विधिमंडळाने त्यांना सन्मान परत देणारा कायदा केला. एकशे पाच वर्षांनी.

सणाशी याचा थेट संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण कोस्क्रित्ती हा शब्द वाचताना त्यामागे काय काय होतं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आता दुसरा शब्द, 'माच'. 'माच दि सान झुआन' म्हणजे सान झुआनची जुडी. रानातली आणि कुरणातली फुलं-पाला गोळा करून बांधलेली. जूनअखेर आल्प्सची कुरणं भरात असतात, गवताची कापणी व्हायची असते, त्यामुळे हवं ते हाताशी. ही जुडी चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायची आणि मग घरात वर्षभर जपून ठेवायची. नुसती शोभेला नव्हे. उन्हाळ्यात डोंगरावर काळे ढग जमले, गारांचं लक्षण दिसलं, की त्यातली थोडी वाळलेली फुलं चुलीत टाकायची. धूर वर गेला की गारपीट टळते, अशी समजूत.

ढगावर त्या धुराचा काही परिणाम होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण गारपिटीने एका तासात वर्षाचं पीक जातं, आणि त्या तासात घरातल्या माणसाला करण्यासारखं काहीच नसतं. मग जूनमध्ये बांधून ठेवलेली जुडी हाताशी असणं ही छोटी गोष्ट नाही. विम्याचा कागद नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

या जुडीतलं मानाचं फूल म्हणजे पिवळं, पाच पाकळ्यांचं हायपेरिकम. अनेक युरोपीय भाषांत त्याचं नावच 'संत योहानाची वनस्पती' असं आहे, आणि इटालियनमध्ये एक नाव 'भूत पळवणारी' अशा अर्थाचं. या फुलाची कळी बोटांत चुरडली तर बोट लालसर होतं. पिवळ्या फुलातून लाल रंग! लोकांना त्यात शिरच्छेद झालेल्या योहानाचं रक्त दिसलं. रसायनशास्त्राला त्यात हायपेरिसिन नावाचं रंगद्रव्य दिसतं. फुलं तेलात बुडवून बरणी उन्हात ठेवली की तेल लाल होतं, ते भाजण्यावर आणि जखमांवर लावायची चाल इटलीत जुनी आहे. सौम्य नैराश्यावर या वनस्पतीच्या अर्काचा उपयोग होतो असं संशोधनातही दिसलं आहे. मात्र ती कितीतरी औषधांचा परिणाम कमी करते, गर्भनिरोधक गोळ्यांपासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपर्यंत. तेव्हा इंटरनेटवर वाचून कोणी मागवत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

जूनच्या या रात्रीला इटलीभर अशीच झाडापाल्याची कामं जोडलेली आहेत. बाहेर ठेवलेल्या भांड्यात फुलं भिजवून सकाळी त्या पाण्याने तोंड धुणं, पहाटेच्या दंवाला औषधी मानणं, हिरवे कोवळे अक्रोड याच दिवशी तोडून त्यांचं 'नोचिनो' नावाचं काळं कडसर मद्य घालणं. शेवटच्या गोष्टीत तर निव्वळ व्यवहार आहे. अक्रोडाच्या आतलं कवच टणक होण्याआधी तो सुरीने कापता यायला हवा, आणि ती वेळ जूनअखेरची. संताचं नाव हे विसरू नये म्हणून घातलेली गाठ.

आता एका दाव्याबद्दल. असे सण आले की बहुतेक लेखांत एक वाक्य हमखास असतं : 'ही ख्रिस्तपूर्व काळातली सूर्यपूजा आहे.' चेर्चिवेंतोच्या बाबतीत त्याला एक नावही जोडतात, बेलेनुस. हा केल्टिक देव. कार्नियाच्या दक्षिणेला समुद्राजवळ अक्विलेया नावाचं मोठं रोमन शहर होतं, तिथे त्याच्या नावाचे शिलालेख खरोखर सापडले आहेत. त्यामुळे दावा अगदीच हवेतला नाही. पण शिलालेख रोमन काळातले, आणि जळत्या चकत्यांची आपण पाहिलेली नोंद १०९० ची. मधलं अंतर कित्येक शतकांचं आहे. ते कोणत्या पुराव्याने जोडायचं? तेराव्या शतकात गियोम द्युराँ या बिशपने चर्चच्या विधींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सान जोव्हान्नीला लोक चाक फिरवतात, कारण सूर्य वर चढून आता खाली उतरू लागतो, असा अर्थ दिला आहे. सूर्याशी नातं आहे, यात शंका नाही. पण ते नातं चर्चचा माणूस चर्चच्या ग्रंथात निःसंकोच सांगतो आहे. तेव्हा आधी 'त्यांची' पूजा होती आणि मग 'यांनी' ती झाकली, अशी सरळ गोष्ट मला पटत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर 'असे मानले जाते' एवढं लिहा.

एखाद्या सणाला जुन्या अर्थावर नवा अर्थ कसा बसतो, याचं तारखेसकट उदाहरण हवं असेल तर कार्नियाच्या पश्चिमेला दक्षिण तिरोलमध्ये मिळतं. तिथेही जूनमध्ये डोंगरमाथ्यावर आगी पेटतात. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा जवळ आल्या तेव्हा तिरोलच्या प्रतिनिधींनी येशूच्या पवित्र हृदयाला नवस केला, आणि मध्य-उन्हाळ्याच्या आगी त्या नवसाच्या आगी झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रदेश इटलीत आला. आगी आजही पेटतात.

मराठी वाचकाला हा संत परका वाटायचं कारण नाही. गोव्यात २४ जूनला होणारा सांजाव हा याच योहानाचा सण, पोर्तुगिजांबरोबर आलेला. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या मारतात. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, त्या प्रसंगाची ती आठवण असं सांगतात. शिवोलीला होड्या सजवून सांगोड निघतो, नव्या जावयाचं कौतुक होतं. फुलं दोन्हीकडे आहेत. नव्या जोडप्यांकडे गावाचं लक्ष दोन्हीकडे आहे. पण कार्नियात जिथे आग आहे, तिथे गोव्यात पाणी. मृगाच्या पावसाने तुडुंब भरलेली विहीर असताना ओल्या लाकडांची आग पेटवायला कोण बसेल?

शेवटी आजचा हिशेब. कार्नियातले लोक पूर्वीपासून पोटासाठी बाहेर जात. पाठीवर लाकडी पेटी घेऊन मसाले आणि कापड विकत आल्प्सपलीकडे जाणाऱ्या इथल्या फेरीवाल्यांना 'क्रामार' म्हणत. ते हिवाळ्यात जात आणि परतत. विसाव्या शतकात गेलेले बरेच जण परतले नाहीत. १९७६ च्या ६ मे रोजी फ्रिउलीत मोठा भूकंप झाला, जवळपास हजार माणसं गेली. तो प्रदेश पुन्हा उभा राहिला, पण डोंगरावरची गावं रोडावत गेली. आता सातशेच्या वस्तीचं गणित करून बघा. एका वर्षी अठरा पूर्ण करणारी मुलंमुली किती असणार? पाच, फार तर सात. त्यांतली काही उदिनेला किंवा आणखी दूर शिकायला. चकत्या कापायला, लाकूड वर न्यायला, आग राखायला एवढे हात पुरत नाहीत. आणि ओरडून घ्यायला एवढी नावंही पुरत नाहीत.

उन्हाळी वेळेनुसार तिथे जूनअखेर सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, आणि संधिप्रकाश त्यानंतरही रेंगाळतो. त्यामुळे पहिली चकती सुटायला दहा तरी वाजतातच. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे दीड वाजलेले असतात.